गोदाकाठचे हत्ती कुठे गेले?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर नावाचं गाव आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ तिथं बंधारा आहे आणि त्याच्या फुगवट्यावर हिवाळ्यात हजारो पाणपक्षी उतरतात. पक्षी पाहणाऱ्यांना ही जागा चांगली ठाऊक आहे. २०२० साली महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून तिची नोंद झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटोही आले. पण याच गावाचं नाव त्याआधी एकशे पंधरा वर्षांपूर्वी एका निराळ्याच कारणानं छापून आलं होतं. १९०५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जी. ई. पिलग्रिम यांनी एका कवटीचं वर्णन प्रसिद्ध केलं. गोदावरीच्या जुन्या गाळात, नांदूर मध्यमेश्वरपाशी सापडलेली ती कवटी हत्तीची होती. मात्र तो आपल्या ओळखीचा हत्ती नव्हता.

मी आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवलं. त्यातली बरीच वर्षं याच गोदाकाठच्या एका महाविद्यालयात गेली. सुरुवातीच्या काळात एकदा विद्यार्थ्यांना घेऊन नदीकाठ दाखवायला गेलो होतो. तिथं एका शेतकऱ्यानं गोठ्यातून एक वस्तू आणून माझ्यापुढं ठेवली. वीतभर लांबीचा, तपकिरी, चांगला जड दगड. पण त्यावर एकामागून एक उभे पापुद्रे होते, लादीपाव आडवा ठेवावा तसे. "सर, बघा बरं, दगड हाय का हाड? आमचे वडील राक्षसाची दाढ म्हणायचे," तो म्हणाला. आम्ही भूगर्भशास्त्रवाले अशा वेळी एक गंमत करतो. दगड जिभेला लावून पाहतो. जुनं अश्मीभूत हाड सच्छिद्र असतं, त्यामुळे ते जिभेला चिकटतं. साधा दगड चिकटत नाही. मी एक टोक जिभेला लावलं तेव्हा मुलं हसली. तो तुकडा जिभेला घट्ट चिकटला. मी म्हणालो, "काका, वडील निम्मे बरोबर होते. दाढच आहे. फक्त राक्षसाची नाही, हत्तीची."

हत्तीची दाढ हा एक विलक्षण प्रकार आहे. आपले दात दुधाचे आणि कायमचे असे दोनदा येतात. हत्तीला जबड्याच्या प्रत्येक बाजूला, वर आणि खाली, आयुष्यात सहा दाढा येतात, पण एकदम नाही. एक झिजत पुढं सरकते, तुकड्यातुकड्यानं गळते आणि मागून दुसरी तिची जागा घेते. सहावी झिजली की हत्तीला चारा चावता येत नाही. तोवर त्यानं साठीच्या आसपास वय गाठलेलं असतं. ते पापुद्रे म्हणजे दाढेची पातं, टणक एनॅमलनं मढवलेली. पात्यांची संख्या, जाडी आणि झीज पाहून हत्ती कुठल्या जातीचा आणि साधारण किती वयाचा हे जाणकार सांगू शकतो. एनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. म्हणूनच बाकीचं शरीर मातीला मिळालं तरी दाढ मागं उरते.

तर नांदूर मध्यमेश्वरचा हत्ती. शास्त्रीय नाव पॅलिओलॉक्सोडॉन नामाडिकस. नर खांद्यापाशी चार मीटरहून उंच, म्हणजे तेरा फुटांच्या वर. आजचा भारतीय हत्तीचा नर साधारण नऊ फूट असतो, यावरून कल्पना करा. कपाळावर पुढं झुकलेला हाडाचा जाड कंगोरा आणि बरेचसे सरळ, लांब सुळे. 'नामाडिकस' हे नाव नर्मदेवरून आलं. ग्रीकांच्या लेखनात नर्मदेला 'नामाडस' म्हटलं आहे आणि या हत्तीचे अवशेष शास्त्रज्ञांच्या हाती प्रथम आले ते नर्मदेच्या गाळातून. हा हत्ती आज पृथ्वीवर कुठंही नाही. तो कुठे गेला, हा आजच्या भाषणाचा विषय.

आज आपल्याला हा प्रश्न साधा वाटतो, पण सव्वादोनशे वर्षांपूर्वीपर्यंत तो जवळजवळ कुणाला पडलाच नव्हता. मोठी हाडं लोकांना सापडत होती, त्यांचे अर्थ मात्र निराळे लावले जात. फेरिश्ता या इतिहासकारानं चौदाव्या शतकातली एक हकिकत नोंदवली आहे. फिरोजशहा तुघलकानं कालव्यासाठी एक टेकाड खणायला घेतलं, तेव्हा त्यातून हत्तींची आणि 'माणसांची' हाडं निघाली. त्यातलं माणसाच्या हाताचं म्हणून मोजलेलं हाड तीन गज भरलं. काही हाडांचा दगड झाला होता, काही अजून हाडासारखीच होती. तीन गजांचा हात माणसाचा नव्हता, हे आज आपण सांगू शकतो. पण पाहणाऱ्यांच्या नजरेत खोट नव्हती. हाडाचा दगड होतो, हे त्यांनी बरोबर टिपलं. चूक झाली ती एवढीच की असा प्राणी एके काळी होता आणि आता नाही, ही शक्यता त्यांच्या विचारात नव्हती.

युरोपातल्या विद्वानांच्याही विचारात ती नव्हती. ईश्वरानं घडवलेल्या सृष्टीतली एक अख्खी जात कशी नाहीशी होईल, असा त्यांचा समज होता. अमेरिकेचे थॉमस जेफर्सन यांना तर वाटत होतं की ज्यांची हाडं मिळतात ते अजस्र प्राणी पश्चिमेच्या न पाहिलेल्या मुलखात अजून हिंडत असतील. १७९६ साली पॅरिसमध्ये जॉर्ज क्युव्हिए या सत्तावीस वर्षांच्याही आतल्या तरुणानं हत्तींच्या जबड्यांची तुलना मांडली. भारतीय हत्ती आणि आफ्रिकी हत्ती या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि सैबेरियातला मॅमथ या दोघांपेक्षाही वेगळा आहे, हे त्यानं दाताच्या पुराव्यानं दाखवलं. मग त्याचं म्हणणं सरळ होतं: एवढा मोठा प्राणी जिवंत असता तर तो लपून राहिला नसता, अर्थी तो संपलेला आहे. 'जात संपते' ही कल्पना विज्ञानात खऱ्या अर्थानं पाय रोवून उभी राहिली ती तेव्हापासून, आणि तीही हत्तीच्या दाढांवर.

भारतात हे काम पुढं नेलं ते दोघांनी. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख डॉक्टर ह्यू फाल्कनर आणि कालव्यांचे इंजिनियर प्रॉबी कॉटली. शिवालिकच्या टेकड्यांत त्यांना हाडांचं भांडारच सापडलं. एका प्रचंड, शिंगाळ, जिराफाच्या कुळातल्या प्राण्याला त्यांनी शिवाच्या नावावरून 'शिवाथेरियम' म्हटलं. हत्तीच्या एका नष्ट भाईबंदाला, स्टेगोडॉनच्या एका जातीला, गणेशाचं नाव दिलं. १८३७ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीनं दोघांना मिळून वोलास्टन पदक दिलं. शिवालिकमधलंच एक महाकाय कासव १८४४ साली फाल्कनर यांनी लंडनच्या विद्वानांपुढं मांडलं, आणि एक मोहक प्रश्न विचारला: पृथ्वी पाठीवर धरणाऱ्या कासवाची भारतीय कथा ही अशाच एखाद्या प्राण्याची आठवण नसेल ना? आज आपण याला 'नाही' म्हणतो, कारण ते कासव आपल्या जातीच्या माणसापेक्षा लाखो वर्षं जुनं आहे. पण फाल्कनरच्या प्रश्नातला गाभा आजही खरा आहे. माणसानं हे महाकाय प्राणी पाहिले का? आणि पाहिले असतील, तर त्यांच्या जाण्यात त्याचा हात होता का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. शिवालिकचे प्राणी फार जुने. पण गोदावरी, नर्मदा, प्रवरा, मांजरा यांच्या गाळातले प्राणी तुलनेनं अलीकडचे आहेत आणि त्याच गाळात दगडी हत्यारंही मिळतात. १८६० च्या दशकात पैठणजवळ मुंगी इथं गोदावरीच्या गाळात माणसानं घडवलेली अकीकाची चिप सापडली होती. डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी प्रवरेकाठच्या नेवाशात अश्मयुगाच्या हत्यारांचा क्रम लावला आणि 'नेवासा' हे नाव ज्ञानेश्वरीबरोबरच प्रागितिहासाच्या पुस्तकांतही गेलं. १९८२ च्या डिसेंबरात नर्मदेकाठी हथनोरा इथं अरुण सोनकिया यांना मानवी कवटीचा वरचा भाग मिळाला. ती कवटी ज्या गाळाच्या थरांतून आली, तिथंच जुन्या हत्तींचे आणि स्टेगोडॉनचे अवशेषही मिळतात. म्हणजे माणूस आणि हे महाकाय प्राणी एकाच काठावर पाणी पीत होते.

आता दुसरा, अवघड प्रश्न. साऱ्या जगात गेल्या पन्नास हजार वर्षांत मोठे प्राणी मोठ्या प्रमाणात नाहीसे झाले. उत्तर अमेरिकेत मॅमथ, मॅस्टोडॉन, जमिनीवर चालणारे अजस्र स्लॉथ, उंट, घोडे, सुऱ्यासारख्या सुळ्यांचे शिकारी मार्जार, सगळे गेले. तिथल्या मोठ्या सस्तन प्राण्यांच्या दर चार प्रजातींपैकी जवळजवळ तीन संपल्या, दक्षिण अमेरिकेत तर पाचांपैकी चारांहून अधिक. ऑस्ट्रेलियाची गतही तशीच. लॉस एंजेलिस शहरात रांचो ला ब्रेआ नावाची डांबराची डबकी आहेत. त्यांत फसलेल्या प्राण्यांचे पस्तीस लाखांहून अधिक अवशेष निघाले आहेत. ती संख्या ऐकली की त्या काळच्या पृथ्वीवर केवढी वर्दळ होती, हे कळतं.

संशयित दोन आहेत, हवामान आणि माणूस. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. पुढं बर्फ वितळलं, जंगलं आणि गवताळ राने बदलली. हवामानाला दोष देणारे म्हणतात की चाराच बदलला. त्यावर दुसरा पक्ष म्हणतो, अशी हिमयुगं याआधीही अनेकदा आली आणि गेली, हेच प्राणी तेव्हा तगले. या वेळी नवीन काय होतं? माणूस. अमेरिकेचे पॉल मार्टिन यांनी १९६० च्या दशकात हा 'अतिशिकारी'चा सिद्धान्त जोरात मांडला. माणूस आला आणि हजारभर वर्षांत सगळं साफ झालं, असं त्यांचं चित्र होतं. ते चित्र आता तेवढं सरळ राहिलेलं नाही. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स इथल्या मानवी पाऊलखुणा २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीच्या असल्याचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. तो धरला तर अमेरिकेत माणूस आणि मॅमथ हजारो वर्षं शेजारी होते.

तरीही माणसाला निर्दोष सोडता येत नाही, कारण दोन प्रकरणांत साक्षीपुरावा पक्का आहे. पहिलं न्यूझीलंडचं. तिथं तेराव्या शतकाच्या अखेरीस माओरींचे पूर्वज पोचले. त्या बेटांवर मोआ नावाचे, न उडणारे, नऊ जातींचे पक्षी होते; सगळ्यात मोठ्या जातीच्या माद्या माणसाहून कितीतरी उंच. दोनशे वर्षांच्या आत नऊच्या नऊ जाती संपल्या. हवामानात तेव्हा काही उलथापालथ नव्हती. दुसरं प्रकरण उत्तर प्रशांत महासागरातल्या समुद्रगाईचं. १७४१ साली बेरिंगच्या मोहिमेतल्या जॉर्ज स्टेलर या निसर्गशास्त्रज्ञानं तिचं वर्णन लिहिलं. आठ मीटर लांब, संथ, निरुपद्रवी, समुद्रातलं शेवाळ खाणारा प्राणी. शेवटची समुद्रगाय मारल्याची नोंद १७६८ ची. शास्त्राला ओळख झाली आणि सत्तावीस वर्षांत ती संपली. मात्र इथं जीवाश्मांनी एक महत्त्वाची भर घातली. जपानपासून कॅलिफोर्नियापर्यंत तिची जुनी हाडं सापडतात. म्हणजे स्टेलरनं पाहिली ती एका मोठ्या राज्याची शेवटची दोन बेटं होती. शेवटचा घाव शिकाऱ्यांनी घातला. पण राज्य त्याआधीच आकसलं होतं.

आता आपल्या देशाकडं येऊ. इथली कथा जगापेक्षा वेगळी आहे, आणि मला वाटतं ती आपल्याकडं पुरेशी सांगितली गेलेली नाही.

भारतीय उपखंडात गेल्या पन्नास हजार वर्षांत मोठ्या सस्तन प्राण्यांच्या फक्त चार जाती नाहीशा झाल्या, असं २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका सविस्तर अभ्यासात दिसून आलं. नांदूर मध्यमेश्वरचा तो सरळ सुळ्यांचा हत्ती, स्टेगोडॉन, भारतीय पाणघोडा, आणि रानबैल, ज्याचं शास्त्रीय नाव बॉस नामाडिकस. होय, आपल्या नद्यांत पाणघोडे होते. नर्मदेत होते, लातूरकडच्या मांजरा खोऱ्यातूनही त्यांचे अवशेष मिळाले आहेत. सगळ्यात अलीकडचा भारतीय पाणघोडा सुमारे १६ हजार वर्षांपूर्वीचा आहे. याखेरीज शहामृगही होता. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथं, म्हणजे भास्कराचार्यांच्या नातवाच्या शिलालेखासाठी प्रसिद्ध असलेल्या त्याच परिसरात, डॉ. शां. अ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. माणसानं त्यावर रेघांची नक्षी कोरली होती, त्याचे मणी केले होते. ती खरोखर शहामृगाचीच होती का, अशी शंका पुढं कुणी घेऊ नये म्हणून की काय, भारतात मिळालेल्या अशा कवचांतून डीएनए मिळवून २०१७ साली खात्रीही झाली.

चार जाती गेल्या, हे वाईटच. पण राहिलं काय ते पाहा. हत्ती राहिला, गेंडा राहिला, गवा, रानरेडा, वाघ, सिंह राहिले. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात जे झालं ते इथं झालं नाही. का? एक समर्पक उत्तर असं दिलं जातं की इथले प्राणी माणसाबरोबर वाढले. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कम इथली दगडी हत्यारं पंधरा लाख वर्षं जुनी आहेत. आपल्या जातीचा माणूस येण्याआधी कितीतरी काळ त्याचे पूर्वज या भूमीवर शिकार करत होते. हातात दगड घेतलेल्या दोन पायांच्या प्राण्यापासून लांब राहावं, हे इथल्या हत्तीला पिढ्यान्‌पिढ्या शिकता आलं. आफ्रिकेतही तसंच, आणि तिथंही मोठे प्राणी टिकले. न्यूझीलंडच्या मोआला मात्र ही शिकवणी मिळालीच नाही; माणूस तिथं आला तो तयार शिकारी होऊनच.

मग आपले ते चार का गेले? ताळा जमतो तो असा. भारतातली ही गळती सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीपासूनची, म्हणजे आधुनिक माणूस इथं नांदू लागल्यानंतरची. ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रात तोबा ज्वालामुखीचा महाभयंकर उद्रेक झाला, त्याची राख भारतभर पडली. त्यातून हे प्राणी वाचले होते. हिमयुगाच्या भरात पाऊस कमी झाला. दिवसभर पाण्यात बसणाऱ्या पाणघोड्याला ते नक्कीच जड गेलं असणार. पण गेले ते प्रामुख्यानं सगळ्यात मोठे, सावकाश वाढणारे किंवा ठराविक जागीच राहू शकणारे. आणि इथं एक साधं गणित आहे. ते मी विद्यार्थ्यांना फळ्यावर करून दाखवायचो.

हत्तिणीचा गर्भकाळ बावीस महिन्यांचा. पहिलं पिल्लू व्हायला तिचं वय दहा-पंधरा वर्षांचं व्हावं लागतं आणि दोन पिल्लांत चार-पाच वर्षांचं अंतर असतं. समजा, एका प्रदेशात हजार हत्ती आहेत. जन्म आणि नैसर्गिक मृत्यू यांचा मेळ जेमतेम बसतो आहे. आता दुष्काळानं, शिकारीनं, कशानंही, दरवर्षी शंभरांत दोन जास्त मरू लागले. पहिल्या वर्षी हजारात वीस कमी. कुणाच्या लक्षात येणार? पस्तीस वर्षांत हजाराचे पाचशे होतात. सुमारे दोनशे तीस वर्षांत दहा उरतात. त्या काळातल्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, "आमच्या आज्याच्या वेळी जरा जास्त असायचे." एवढंच. कुठं कत्तल नाही, कुठं प्रलय नाही. दर पिढीला फक्त थोडं कमी, आणि प्रत्येक पिढी ते थोडं कमी हेच नेहमीचं धरून चालते.

जीवाश्मांच्या नोंदीची मर्यादाही इथंच आहे. नदीच्या गाळाचा हातभर थर साचायला शेकडो, कधी हजारो वर्षं लागतात. हाड टिकायचं तर प्राणी मेल्यावर ते लवकर गाळाखाली जावं लागतं, मग पाण्यातली खनिजं त्यात झिरपावी लागतात. हजारांत एखाद्याचं नशीब असं असतं. त्यातून आपल्या उष्ण हवामानात हाडातलं कोलॅजन लवकर नष्ट होतं, त्यामुळे कार्बन पद्धतीनं वय काढणं अवघड जातं. मग दाढेचं एनॅमल किंवा भोवतालच्या वाळूचे कण यांचा आधार घ्यावा लागतो. आपल्याला मिळालेलं शेवटचं हाड हे शेवटच्या प्राण्याचं हाड कधीच नसतं. शेवटचा प्राणी त्यानंतर कधीतरी, कुणाला न कळता, गेलेला असतो. दोनशे तीस वर्षांची ती घसरण गाळाच्या एका रेषेत मावून जाते.

चौघांपैकी एकाची कथा मात्र निराळी आहे, आणि ती आपल्या दारातली आहे. बॉस नामाडिकस हा रानबैल रानातून गेला, पण त्याचा वंश गेला नाही. सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी, सिंधूच्या पश्चिमेकडच्या मुलखात त्याला माणसाळवलं गेलं. वशिंडाचे आपले सगळे बैल, खिलार असो, डांगी असो वा देवणी, त्याचीच लेकरं. पोळ्याला आपण ज्याच्या शिंगांना बेगड लावतो, त्याचा पूर्वज गोदावरीच्या गाळात हत्तीशेजारी पुरलेला आहे.

आणि जे राहिले, त्यांचं काय? राहिले म्हणजे सुटले असं नाही. प्रवरेकाठच्या दायमाबादला, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, १९७४ साली काश्याच्या चार भरीव मूर्ती मिळाल्या. त्यांत बैलांचा रथ आहे, रेडा आहे, हत्ती आहे आणि गेंडाही आहे. गुजरातेत लांघणजला सांकलियांना गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं होतं. बाबरानं आत्मचरित्रात पेशावरकडच्या गेंड्यांच्या शिकारीचं वर्णन केलं आहे. आज पेशावर ते प्रवरा या साऱ्या पट्ट्यात रानात एकही मूळचा गेंडा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर सगळे मिळून शंभर-दोनशेच उरले होते, बहुतेक आसामात. स्टेलरच्या समुद्रगाईची हीच अवस्था होती: मोठ्या राज्याची शेवटची दोन बेटं. फरक एवढाच की गेंड्याच्या बाबतीत हिशेब ठेवणारे लोक वेळेवर निघाले. शिकार बंद झाली, काझीरंगा राखलं गेलं आणि आज भारत-नेपाळ मिळून ही संख्या चार हजारांच्या पुढे आहे. म्हणजे फळ्यावरचं ते गणित उलटंही चालवता येतं, जर ते वेळेत मांडलं तर.

महाराष्ट्रात २००२ साली कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरले, २०२१ साली छत्तीसगडातून गडचिरोलीत आले. केळी, माड, भात यांचं नुकसान झालं, माणसांचे जीवही गेले. तिथल्या शेतकऱ्याला "हा तर तुमचा जुना शेजारी आहे" असं शहरात बसून सांगणं सोपं आहे. त्याची भरपाई वेळेवर हातात पडणं अधिक महत्त्वाचं. पण हत्ती इथं उपरा आहे, असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला तो गोठा आणि ती दाढ आठवते.

शेवटी एक कबुली देतो. त्या भेटीनंतर चार-पाच वर्षांनी, त्याच परिसरात, उन्हाळ्यात नदीच्या दरडीत मला सुळ्याचं टोक दिसलं. पांढुरकं, एकावर एक चढवलेल्या शंकूंसारखं, हातभर बाहेर आलेलं. अश्मीभूत सुळा फार ठिसूळ असतो, ओढला की भुगा होतो. त्याला आधी प्लास्टरचं कवच द्यावं लागतं. माझ्याजवळ प्लास्टर नव्हतं. परीक्षांचे पेपर तपासायचे होते. आठ दिवसांनी सामान घेऊन येऊ म्हणून जागेची खूण केली आणि परतलो. आठ दिवसांचे सतरा झाले. गेलो तेव्हा ती दरडच नव्हती. वाळू आणि मुरूम नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या होत्या, आणि वाळूत मिसळलेला थोडा पांढरा चुरा. ट्रॅक्टरवाल्यांना दोष देत मी घरी आलो. आज मात्र वाटतं, त्यांना तिथं काय होतं ते कुणी सांगितलंच नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि मीच उशीर केला.

गोदाकाठचा हत्ती कुठे गेला, याचं उत्तर अजून त्या दरडींत आहे. नदीकाठी, विहिरीच्या खोदाईत, वाळूच्या ढिगात कधी असा पापुद्र्यांचा जड दगड दिसला, तर तो उचलून घरी नेऊ नका, धुऊ नका. जागेवर राहू द्या, फोटो काढा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या माणसाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. आणि कळवल्यावर तो येत नसेल, तर पुन्हा कळवा. आमच्यातला एखादा पेपर तपासत बसलेला असतो.